स्क्विड प्रॉक्सी दर दोन-तीन दिवसांनी अडकतो आणि रीस्टार्ट केला की चालतो : कारण आणि उपाय

साठ संगणकांची लॅब, डेबियन १२ या लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर, त्यावर डेबियनच्याच भांडारातला स्क्विड ५.७ (सगळ्या संगणकांच्या वेब-मागण्या स्वतःमार्फत बाहेर नेणारा प्रोग्रॅम, म्हणजेच प्रॉक्सी), आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये पोर्ट ३१२८ चा प्रॉक्सी ठरवून दिलेला, अशी आमच्या महाविद्यालयातली मांडणी आहे. तिच्याकडून दोन कामे अपेक्षित होती : वारंवार उतरवल्या जाणाऱ्या फाइली एकदाच बाहेरून आणून जवळ ठेवणे, आणि नको असलेली संकेतस्थळे अडवणे. दोन्ही कामे नीट होत होती. तरीही दर दोन-तीन दिवसांनी, बहुधा सकाळच्या पहिल्या प्रात्यक्षिकाची तुकडी बसली की, सगळ्या पडद्यांवर पान उघडण्याचे चाक नुसते फिरत राहायचे. त्रुटीचा संदेश येत नसे. सर्व्हरला पिंग लागत असे, सर्व्हरवरून बाहेरचे संकेतस्थळ उघडत असे, सेवा पुरवणाऱ्याकडे विचारणा केली तर लाइन ठीक असल्याचे उत्तर मिळे, आणि ते खरेही असे. स्क्विड रीस्टार्ट केला की मिनिटभरात सगळे सुरळीत होई.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) रोज सकाळी रीस्टार्टची ओळ घालून ठेवणे. तो मार्ग धरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. स्क्विड बंद होताना चालू जोडण्यांना पूर्ण होण्यासाठी ठरावीक वेळ देतो. ‘शटडाउन लाइफटाइम’ या सेटिंगचे मूळ मूल्य ३० सेकंद आहे. तेवढा वेळ नवी जोडणी घेतली जात नाही, आणि वेळ संपली की उरलेल्या जोडण्या तोडल्या जातात. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर ‘सादर करा’ दाबून बसलेल्या विद्यार्थिनीचा अर्ज अशा रीस्टार्टमध्ये अर्धवट राहिलेला मी पाहिला आहे. दुसरे नुकसान असे की बिघाडाच्या क्षणी यंत्राची जी अवस्था तपासायला हवी, तीच रीस्टार्टमुळे पुसली जाते आणि खरे कारण महिनोन्‌महिने हाती लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी प्रॉक्सी अडकला की दोन मिनिटे धीर धरावा आणि रीस्टार्टच्या आधी तीन ठिकाणी पाहावे. पहिले ठिकाण म्हणजे ‘/व्हार/लॉग/स्क्विड/’ या फोल्डरमधला कॅश लॉग. पुष्कळजण फक्त अ‍ॅक्सेस लॉग पाहतात. पण अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पूर्ण झालेल्या मागण्यांची नोंद होते, आणि इथे तर मागणी स्क्विडच्या हातातच आलेली नसते. कॅश लॉगच्या शेवटच्या शंभर ओळींत ‘वॉर्निंग! युअर कॅश इज रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स’ या अर्थाची, म्हणजे उघडलेल्या फाइलींना आणि जोडण्यांना द्यायचे क्रमांक संपत आल्याची, ओळ दिसली, तर निदान जवळजवळ झालेच. ही ओळ स्क्विड सतत लिहीत नाही, मध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवतो. त्यामुळे ती दोन-चार वेळाच दिसली तरी किरकोळ समजू नये.

दुसरे ठिकाण ‘स्क्विडक्लायंट’, म्हणजे चालू स्क्विडकडून माहिती मागवणारी आज्ञा. डेबियनमध्ये हे वेगळे पॅकेज आहे, ते आधीच टाकून ठेवावे. ‘स्क्विडक्लायंट एमजीआर:इन्फो’ ही आज्ञा दिल्यावर जो लांबलचक अहवाल येतो, त्याच्या शेवटाकडे फाइल डिस्क्रिप्टरच्या वापराचा स्वतंत्र भाग असतो : कमाल संख्या, सध्या वापरात असलेला सर्वांत मोठा क्रमांक, सध्या वापरात असलेल्यांची संख्या, शिल्लक आणि राखीव. आमच्याकडे अडकलेल्या अवस्थेत कमाल १०२४, राखीव १०० आणि वापरात ९२० च्या वर, असे आकडे होते. प्रॉक्सी पुरता अडकला असेल तर हा अहवालही येणार नाही, कारण तोही त्याच दारातून मागवावा लागतो. तसे झाले तर तोच एक पुरावा समजावा.

तिसरे ठिकाण कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे. ‘एसएस’ या आज्ञेला ऐकणाऱ्या टीसीपी सॉकेटांचे पर्याय देऊन ३१२८ ची ओळ पाहावी. ऐकणाऱ्या सॉकेटसमोर ‘रिसीव्ह-क्यू’ या रकान्यात जो आकडा असतो, तो कर्नलने स्वीकारलेल्या पण स्क्विडने अजून उचलून न घेतलेल्या जोडण्यांचा असतो. एरवी तो शून्य असतो. अडकलेल्या वेळी तो वाढत जातो, आणि त्यातच चाक फिरत राहण्याचे उत्तर आहे : ब्राउझरच्या दृष्टीने जोडणी झालेली आहे, कर्नलने हात मिळवलेला आहे, पण आतून कोणी उत्तर द्यायला आलेले नाही. त्यामुळे त्रुटी येत नाही, केवळ वाट पाहणे चालू राहते.

आता हे घडते का, ते पाहू. लिनक्समध्ये चालू प्रोसेसने उघडलेल्या प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक सॉकेटला एक क्रमांक मिळतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात, आणि एका प्रोसेसला असे किती क्रमांक मिळावेत याची मर्यादा असते. ही मर्यादा दुहेरी असते. मऊ मर्यादा प्रत्यक्ष लागू असते, आणि कडक मर्यादेपर्यंत प्रोसेस स्वतःची मऊ मर्यादा वाढवून घेऊ शकते. सिस्टिम-डी (सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) आपल्या सेवांना वेगळे काही सांगितले नसेल तर १०२४ ची मऊ मर्यादा देते, आणि स्क्विड तीच मुकाट्याने स्वीकारतो. त्यातले शंभर तो राखीव ठेवतो. शिल्लक त्या राखीव आकड्याच्या खाली गेली की तो नव्या जोडण्या उचलायचे थांबवतो. म्हणजे प्रत्यक्षात गाडी ९२४ च्या आसपास थांबते, आणि पूर्ण १०२४ भरण्याची वाट पाहणाऱ्याला कारण सापडत नाही.

आता खर्चाची बाजू. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर आहेत. अशा संकेतस्थळासाठी ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही मागणी पाठवतो आणि स्क्विड दोन टोकांमध्ये एक बोगदा उघडून देतो. प्रत्येक बोगद्याला दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक ब्राउझरच्या बाजूचा आणि एक बाहेरच्या सर्व्हरच्या बाजूचा. क्रोम एका प्रॉक्सीशी एका वेळी जास्तीत जास्त ३२ जोडण्या उघडतो, अशी त्याची मूळ मर्यादा आहे. साठ संगणक आणि प्रत्येकी ३२ जोडण्या, म्हणजे १९२० बोगदे आणि ३८४० डिस्क्रिप्टर. एवढे सगळे एकाच क्षणी लागणार नाहीत हे खरे, पण १०२४ ची मर्यादा तीस संगणकांच्या लॅबलाही अपुरी पडू शकते, हे या गुणाकारावरून कळते. पूर्वी साध्या एचटीटीपीवर एक मागणी पूर्ण झाली की जोडणी लवकर मोकळी होई; बोगदा मात्र दोन्हीपैकी एक टोक तो बंद करेपर्यंत किंवा वेळमर्यादा संपेपर्यंत उघडा राहतो, आणि या वेळमर्यादा मोठ्या असतात. ‘रीड टाइमआउट’ मुळात १५ मिनिटांचा आहे आणि ‘क्लायंट लाइफटाइम’ एक दिवसाचा. ईमेलची किंवा संदेशांची पाने तर अधूनमधून थोडी देवाणघेवाण करून जोडणी जिवंत ठेवत असतात, त्यामुळे तिथे पंधरा मिनिटांची शांतता कधी येतच नाही.

दोन-तीन दिवसांच्या चक्राचा उलगडाही इथेच होतो. विद्यार्थी संध्याकाळी टॅब उघडे ठेवून जातात, संगणक चालूच राहतात, आणि सकाळची तुकडी त्यावर आणखी टॅब उघडते. मर्यादा अगदी काठावर असताना कर्नलकडून एखादी जोडणी नाकारली गेली, तर स्क्विड सावधगिरी म्हणून आपला राखीव आकडा वाढवतो. कॅश लॉगमध्ये ‘रिझर्व्ह्ड एफडी अ‍ॅडजस्टेड’ अशी नोंद दिसते. वाढलेला राखीव आकडा स्क्विड पुन्हा सुरू होईपर्यंत वाढलेलाच राहतो. म्हणजे प्रत्येक टंचाईनंतर वापरायला मिळणारी जागा आणखी आकसते. रीस्टार्टने सगळे बोगदे तुटतात, राखीव आकडा पूर्ववत होतो, आणि यंत्र बरे झाल्यासारखे वाटते.

उपाय छोटा आहे, पण तो नेमका कुठे करायचा याबद्दल तीन चुका हमखास होतात आणि त्यातल्या दोन मी स्वतः केल्या होत्या, म्हणून त्या सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘प्रॉक्सी’ या वापरकर्त्याची मर्यादा वाढवणे. जुन्या मार्गदर्शनात हाच सल्ला आढळतो. पण ही फाइल लॉगिन करून येणाऱ्या सत्रांसाठी आहे. सिस्टिम-डीने थेट सुरू केलेल्या सेवेला ती लागू होत नाही. टर्मिनलवर त्या वापरकर्त्याच्या नावाने तपासले तर नवा आकडा दिसतो, त्यामुळे आपली खात्री पटते, आणि स्क्विड मात्र १०२४ वरच चाललेला असतो.

दुसरी चूक म्हणजे स्क्विडच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅक्स फाइलडिस्क्रिप्टर्स’ ची योग्य ओळ लिहायची आणि नंतर केवळ ‘रीलोड’ करायचे. स्क्विडच्या बहुतेक सेटिंग रीलोडने लागू होतात, म्हणून हात आपोआप तिकडेच वळतो. ही सेटिंग मात्र पूर्ण रीस्टार्टशिवाय लागू होत नाही.

तिसरी चूक सर्वांत त्रासदायक, कारण ती काही महिने दिसतच नाही. ‘/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम/’ मधली स्क्विडची मूळ सर्व्हिस फाइल उघडून तिच्यातच मर्यादेची ओळ घातली, तर ती त्या दिवशी काम करते. पुढे स्क्विडचे सुरक्षा अद्ययावतीकरण आले की पॅकेज स्वतःची फाइल पुन्हा ठेवते, आपली ओळ नाहीशी होते, आणि ‘मागे सुटलेला प्रश्न’ परत उभा राहतो. आमच्याकडे हेच झाले होते. आपण हा प्रश्न एकदा सोडवला आहे अशी खात्री असल्यामुळे दुसऱ्यांदा आम्ही आठवडाभर दुसरीकडेच कारण शोधत राहिलो.

योग्य पद्धत अशी. ‘सिस्टिमसीटीएल एडिट स्क्विड’ ही आज्ञा द्यावी. उघडलेल्या रिकाम्या जागेत चौकोनी कंसात ‘सर्व्हिस’ हे शीर्षक लिहून त्याखाली ‘लिमिटएनओफाइल’ चे मूल्य १६३८४ द्यावे. ही जोड ‘/ईटीसी’ खाली स्वतंत्र फाइल म्हणून साठवली जाते, त्यामुळे पॅकेज अद्ययावत झाले तरी तिला धक्का लागत नाही. मग ‘/ईटीसी/स्क्विड/कॉन्फ.डी/’ मध्ये स्वतःच्या नावाची एक फाइल करून तिच्यात ‘मॅक्स फाइलडिस्क्रिप्टर्स’ ला तेच मूल्य द्यावे. मुख्य ‘स्क्विड.कॉन्फ’ ला हात न लावता आपली सगळी भर अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सवय फार उपयोगाची आहे. अद्ययावतीकरणाच्या वेळी ‘तुमची फाइल ठेवू की नवी’ हा प्रश्नच येत नाही. त्यानंतर ‘स्क्विड -के पार्स’ चालवून कॉन्फिगरेशनमध्ये चूक नाही याची खात्री करावी, आणि लॅब रिकामी असताना एकदा पूर्ण रीस्टार्ट करावा.

रीस्टार्टनंतर कॅश लॉगमध्ये सुरुवातीच्या ओळी वाचाव्यात. आवृत्ती, प्रोसेस क्रमांक आणि प्रोसेसची भूमिका या ओळींच्या लगेच खाली ‘विथ १६३८४ फाइल डिस्क्रिप्टर्स अव्हेलेबल’ या अर्थाची ओळ हवी. तिथे १०२४ दिसले, तर वरच्या तीनपैकी एक चूक राहिली आहे. याखेरीज ‘/प्रॉक’ मध्ये स्क्विडच्या प्रोसेस क्रमांकाखालची ‘लिमिट्स’ ही फाइल वाचूनही ‘मॅक्स ओपन फाइल्स’ चा आकडा पडताळता येतो. स्क्विडच्या दोन प्रोसेस दिसतात, एक देखरेख करणारी आणि एक प्रत्यक्ष काम करणारी. पडताळणी काम करणाऱ्या प्रोसेसची करावी.

१६३८४ च का, असे कोणी विचारेल. वरच्या गुणाकारातून आमची कमाल गरज चार हजारांच्या आत येते. त्यावर डिस्कवरील कॅशच्या फाइली, लॉग आणि मदतनीस प्रोसेसशी असलेल्या जोडण्या धरून चौपट जागा ठेवली. लाखाच्या घरातला आकडा देण्यात मला शहाणपण वाटत नाही, कारण एखादा संगणक व्हायरसमुळे अखंड जोडण्या उघडू लागला तर मर्यादाच आपल्याला वेळेवर सावध करते.

मर्यादा वाढवूनही प्रॉक्सी अडकत असेल, तर डिस्क्रिप्टर भरण्यामागे दुसरे काहीतरी आहे असे समजावे. त्यात पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, घ्यावा. मागणी आली, ब्राउझरच्या बाजूचा डिस्क्रिप्टर खर्च झाला, आणि नाव सोडवणारा सर्व्हर उत्तरच देत नाही, तर ती मागणी ताटकळत राहते. ‘डीएनएस टाइमआउट’ चे मूळ मूल्य ३० सेकंद आहे. तेवढ्यात शेकडो मागण्या रांगेत साचतात. मघाच्याच ‘इन्फो’ अहवालात सरासरी नव्हे, तर मध्यक वेळांचा एक तक्ता असतो, गेल्या पाच मिनिटांचा आणि गेल्या तासाचा. त्यातली ‘डीएनएस लुकअप्स’ ची ओळ पाहावी. पाच मिनिटांचा आकडा तासाच्या आकड्यापेक्षा खूप मोठा असेल, तर ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ मधल्या प्रत्येक पत्त्याला स्वतंत्रपणे विचारून पाहावे. पहिला पत्ता मेलेला आणि दुसरा जिवंत, ही स्थिती फसवी असते, कारण सगळे चालते, फक्त रखडत चालते. स्क्विड ही फाइल सुरू होताना आणि रीलोड होताना वाचतो. त्यामुळे वीज गेल्यानंतर सर्व्हर आधी आणि नेटवर्क नंतर उभे राहिले, तर त्याच्या हाती रिकामी यादी लागण्याची शक्यता असते. ‘डीएनएस नेमसर्व्हर्स’ या सेटिंगने पत्ते स्पष्ट देऊन ठेवले की हा प्रश्न मिटतो.

दुसरा संशय रॅमवर. कॅशसाठी डिस्कवर कितीही जागा देता येते असा समज आहे, पण डिस्कवरील प्रत्येक वस्तूची नोंद स्क्विड रॅममध्ये ठेवतो. ६४ बिटच्या यंत्रावर दर गिगाबाइट कॅशमागे सुमारे १४ मेगाबाइट रॅम, हा स्क्विडच्या मार्गदर्शनातला ठोकताळा आहे. वस्तूंचा सरासरी आकार मोठा असेल तर खर्च कमी होतो. चार गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर दोनशे गिगाबाइटची कॅश मांडली, तर केवळ सूचीसाठी २.८ गिगाबाइट रॅम धरून चालावे लागेल. त्यात ‘कॅश मेम’, ज्याचे मूळ मूल्य २५६ मेगाबाइट आहे, ते आणि जोडण्यांचे बफर वेगळे. यंत्र स्वॅपमध्ये गेले, म्हणजे रॅम अपुरी पडून डिस्क वापरू लागले, की प्रत्येक मागणी मंदावते, मंदावलेल्या मागण्या डिस्क्रिप्टर धरून बसतात, आणि आपण पुन्हा पहिल्या लक्षणाशी येऊन पोहोचतो. अशी कॅश हळूहळू भरते, म्हणून बिघाड उभारणीनंतर कित्येक आठवड्यांनी उगवतो.

आणि एवढी मोठी कॅश हवी कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. एचटीटीपीएसच्या बोगद्यातून काय जाते ते स्क्विडला दिसत नाही, म्हणून ते साठवताही येत नाही. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये अशा ओळींपुढे ‘टीसीपी टनेल’ अशी खूण असते, आणि आमच्या लॉगमध्ये बहुतांश ओळी त्याच आहेत. बोगदा उघडून आतले वाचण्याची सोय स्क्विडमध्ये आहे, पण त्यासाठी प्रत्येक संगणकावर आपले प्रमाणपत्र बसवावे लागते, आणि विद्यार्थ्यांचे बँकेचे आणि ईमेलचे व्यवहार त्यातून जात असताना ती सोय वापरणे मला योग्य वाटत नाही. कॅशचा खरा उपयोग आम्हाला झाला तो लिनक्सच्या पॅकेजसाठी, कारण डेबियन आणि उबुंटूची भांडारे साध्या एचटीटीपीवरही उपलब्ध असतात. लॅबमधल्या पहिल्या संगणकाने उतरवलेले पॅकेज उरलेल्यांना जागेवरच मिळते. त्यासाठी ‘मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ’ वाढवणे मात्र आवश्यक आहे. मूळ मर्यादा ४ मेगाबाइटची असल्यामुळे जी मोठी पॅकेजे साठवायला हवीत नेमकी तीच सुटतात. ही ओळ ‘कॅश डिर’ च्या ओळीच्या वर लिहावी. आम्ही ५१२ मेगाबाइटची मर्यादा आणि वीस गिगाबाइटची कॅश ठेवली आहे, आणि ती पुरते.

संकेतस्थळे अडवणाऱ्या गाळणीबद्दल थोडेच, कारण तिच्यामुळे होणारी तक्रार वेगळी असते, पण ऐकताना सारखीच वाटते. एचटीटीपीएसचे संकेतस्थळ अडवले तर ब्राउझर स्क्विडचे समजावून सांगणारे पान दाखवत नाही, तर ‘प्रॉक्सीशी जोडणी होऊ शकली नाही’ अशा धाटणीचा स्वतःचा संदेश दाखवतो, आणि विद्यार्थी येऊन ‘सर, नेट गेलं’ एवढेच सांगतो. चाक फिरत असेल तर अडकलेला प्रॉक्सी आणि संदेश लगेच आला असेल तर गाळणी, हा भेद लॅब सहायकांना शिकवून ठेवावा. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ‘टीसीपी डिनाइड’ आणि ४०३ दिसले की शंका उरत नाही. नियमांच्या क्रमात पहिला जुळणारा नियम अंतिम ठरतो, म्हणून मनाईची ओळ लॅबला परवानगी देणाऱ्या ओळीच्या वर हवी. डोमेनच्या यादीत सुरुवातीला टिंब दिले की सगळी उपडोमेने त्यात येतात. मग उपडोमेन पुन्हा वेगळे लिहू नये, कारण अशा दुहेरी नोंदीवर स्क्विड तक्रार करतो आणि काही वेळा सुरू व्हायलाच नकार देतो. यादी बदलली की आधी ‘पार्स’ आणि मगच रीलोड, हा क्रम मोडू नये. रीस्टार्ट करून ‘बरा’ करायला गेलेला प्रॉक्सी मुळीच न उठण्यामागे आमच्याकडे दोनदा अशीच एक ओळ सापडली होती.

शेवटची तजवीज पाळतीची. दर मिनिटाला ‘इन्फो’ अहवालातून वापरात असलेल्या डिस्क्रिप्टरचा आकडा वेळेसह एका फाइलमध्ये लिहिणारी दोन ओळींची स्क्रिप्ट आम्ही क्रॉनमध्ये घातली आहे, पूर्वीच्या रीस्टार्टच्या ओळीच्या जागी. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या फाइलमधला आकडा सकाळी साडेदहानंतर अडीच हजारांच्या वर गेलेला दिसतो आणि संध्याकाळी उतरतो. रात्रीही तो दोन-तीनशेच्या खाली जात नाही, कारण काही संगणक टॅब उघडे ठेवून सोडलेले असतात.